कट्टा कोणाच्या अंगणात?

१२ जून २०२३ रोजी रेडिटवरच्या हजारो चर्चागटांनी निषेध म्हणून आपली दारे लावून घेतली. कारण वरवर पाहता तांत्रिक होते. रेडिटचा मजकूर बाहेरच्या ॲपना तोवर फुकट मिळत असे. आता कंपनी त्याचे पैसे मागणार होती, आणि तेही इतके, की ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याच्या हिशेबाने वर्षाचे बिल सुमारे दोन कोटी डॉलर झाले असते. बहुतेकांच्या लेखी हा ॲपवाले आणि कंपनी यांच्यातला पैशांचा वाद होता. ‘आर-ब्लाइंड’ या दृष्टिहीनांच्या गटाच्या लेखी मात्र तो तेवढाच नव्हता. रेडिटचे स्वतःचे मोबाइल ॲप स्क्रीन रीडरशी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, नीट जुळत नव्हते. म्हणून या गटातले अनेक जण बाहेरचीच ॲप वापरत. ती बंद पडली असती तर सभासदांचे वाचणे-लिहिणे अवघड झाले असतेच, शिवाय गट सांभाळणाऱ्या अंध नियंत्रकांना शिवीगाळ किंवा जाहिरातबाजी काढून टाकणेही जमले नसते. ओरड झाल्यावर कंपनीने सुगम्यतेसाठी बनवलेल्या, नफा न कमावणाऱ्या मोजक्या ॲपना सूट दिली. पण वर्षानुवर्षे जपलेला आपला कट्टा दुसऱ्याच्या अंगणात आहे, हे तोवर चालकांना कळून चुकले होते. त्यांनी ‘लेमी’ हे मुक्त सॉफ्टवेअर घेतले आणि स्वतःचा सर्व्हर उभा केला: आरब्लाइंड डॉट कॉम.

एका विषयाच्या, एका गरजेच्या माणसांनी असे स्वतःचे घर बांधावे, की सगळ्यांसाठी असलेल्या मोठ्या वस्तीत एखादी खोली घेऊन राहावे, हा प्रश्न विकेंद्रित समाजमाध्यमांवर सध्या वारंवार विचारला जातो. तो संगणकवाल्यांपुरता आहे असे वाटत असेल तर तसे नाही. दुर्धर आजार असलेले रुग्ण, त्यांचे नातेवाईक, अपंग व्यक्ती, व्यसनातून बाहेर पडू पाहणारे लोक यांच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर प्रकृतीशी निगडित आहे.

विकेंद्रित म्हणजे काय, हे ई-मेलच्या उदाहरणाने लवकर समजते. जीमेलचा पत्ता असलेला माणूस रेडिफमेलवाल्याला पत्र पाठवू शकतो, कारण दोघांच्या मागच्या यंत्रणा एकच नियम पाळतात. समाजमाध्यमांसाठी असा नियमसंच ‘ॲक्टिव्हिटीपब’ या नावाने जानेवारी २०१८ मध्ये प्रमाणित झाला. जर्मनीच्या ऑयगेन रोश्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मॅस्टोडॉन, रेडिटच्या धर्तीवरचे लेमी आणि अशी इतर अनेक सॉफ्टवेअर तो पाळतात. कोणीही आपला सर्व्हर थाटावा, आपले नियम लावावेत आणि तरीही इतर हजारो सर्व्हरवरच्या लोकांशी बोलावे, अशी ही रचना आहे. वारीत प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, स्वयंपाक वेगळा, शिस्त वेगळी. वाट मात्र एकच. बरेचसे तसेच. फरक इतकाच, की एखादी दिंडी फार गोंधळ घालू लागली तर इथे शेजारच्या दिंड्या तिच्याशी बोलणे बंद करू शकतात. अतिउजव्यांचे अड्डे म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या ‘गॅब’ने २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर उचलले तेव्हा नेमके हेच झाले. त्याला बंद पाडणारे केंद्र कोणतेच नव्हते, पण बहुतेक सर्व्हरनी आपापली दारे लावली आणि गॅब एकटे पडले.

या जगात मॅस्टोडॉन डॉट सोशलसारखे सर्वसाधारण सर्व्हर आहेत, जिथे क्रिकेटपासून कवितेपर्यंत सगळे चालते. विषयाला वाहिलेलेही आहेत. गणितज्ञांच्या ‘मॅथस्टोडॉन’वर समीकरणे छापील पुस्तकासारखी नीट मांडलेली दिसतात. ही सोय सर्वसाधारण सर्व्हरला सुचली नसती, कारण तिथे तिची गरजच पडली नसती. खगोलशास्त्रज्ञांचे, उत्क्रांती आणि परिसंस्थेच्या अभ्यासकांचे, डॉक्टरांचेही सर्व्हर आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर यांतल्या अनेकांकडे लोंढे आले. ते सगळे टिकले नाहीत, हेही खरे.

सर्वसाधारण जागेची बाजू आधी मांडायला हवी, कारण छोट्या गटांच्या प्रेमात ती विसरली जाते. २०२० च्या वसंतात करोनातून ‘बरे’ झालेल्या कित्येकांना दम लागत होता, छातीत धडधडत होते, चार ओळी वाचल्या की डोके जड होत होते. वैद्यकीय पुस्तकात याला नाव नव्हते. मे महिन्यात इटलीच्या पुरातत्त्व संशोधक एलिसा पेरेगो यांनी ट्विटरवर ‘लाँग कोव्हिड’ हा शब्द हॅशटॅग म्हणून वापरला आणि तो पसरला. तो एखाद्या बंद गटात लिहिला गेला असता तर त्या गटापुरता राहिला असता. ज्यांना आपल्याला काय होते आहे हेच ठाऊक नाही, ते ‘लाँग कोव्हिड’च्या गटात जाणार तरी कसे? ज्या आजाराला नाव नाही त्याचे रुग्ण एकमेकांना भर बाजारातच सापडतात. पत्रकार, धोरणकर्ते, डॉक्टर तिथेच फिरत होते, म्हणून शब्द त्यांच्याही कानांवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची वैद्यकीय व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. रुग्णांनी नाव ठेवले त्याला तेव्हा दीड वर्ष होत आले होते.

पण नाव मिळाल्यावर पुढचे काम बाजारात झाले नाही. ‘बॉडी पॉलिटिक’ या आधारगटातल्या काही रुग्णांनी एकमेकांची लक्षणे नोंदवायला सुरुवात केली, प्रश्नावल्या बनवल्या आणि त्यातून रुग्णांनीच चालवलेला संशोधन गट उभा राहिला. जुलै २०२१ मध्ये त्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ५६ देशांतल्या ३,७६२ जणांनी माहिती दिली होती आणि २०३ लक्षणांची नोंद होती. हे काम ट्विटरच्या धबडग्यात झाले नसते. तिथे दर दुसऱ्या वाक्याला ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ म्हणणारा कोणी तरी भेटतो, आणि आजारी माणसाकडे मुळात जी शक्ती कमी असते ती वाद घालण्यात संपते.

विषयाला वाहिलेल्या गटाची खरी किंमत त्याच्या नियंत्रकांत असते. एक साधे उदाहरण पाहा. कोणी लिहिते, ‘वजन पंधरा किलोंनी उतरले, डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी थांबवली, साखर आता ठीक आहे.’ दुसरे कोणी लिहिते, ‘इन्सुलिन बंद केले, उपवास सुरू केले, एकदम हलके वाटते आहे.’ सर्वसाधारण सर्व्हरच्या नियंत्रकाला दोन्ही वाक्ये सारखीच दिसतील. फार तर दोन्हींखाली ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ अशी एक पाटी लागेल. जाणत्या नियंत्रकाला मात्र पहिले वाक्य टाइप-२ मधुमेहात शक्य कोटीतले वाटेल आणि दुसरे वाचून तो खुर्चीतून उठेल. लिहिणारा टाइप-१ चा रुग्ण असला, तर इन्सुलिनवाचून त्याच्या रक्तात किटोन साचून काही दिवसांत जिवावर बेतू शकते. पहिला अनुभव राहू द्यायचा, दुसऱ्याला तातडीने गाठायचे, हा विवेक नियमावलीत लिहून होत नाही. त्याला तो आजार जवळून पाहिलेला माणूस लागतो. कोट्यवधी वापरकर्त्यांच्या कंपन्या हे काम यंत्रांवर किंवा दूरदेशीच्या कंत्राटी कामगारांवर सोपवतात, आणि मग एकीकडे स्तनांच्या कर्करोगाची माहिती अश्लील म्हणून उडते तर दुसरीकडे गोमूत्राने गाठ विरघळल्याचा चलच्चित्रपट लाखोंनी पाहिला जातो.

अर्थात विषय एक असणे ही काही शहाणपणाची हमी नव्हे. उपासमार करून घेण्याला जीवनशैली ठरवणारे, त्यात एकमेकींना प्रोत्साहन देणारे गट वर्षानुवर्षे चालत आले आहेत. तेही विषयाला वाहिलेले आणि आपापसांत अतिशय प्रेमळ असतात. लसविरोधकांचेही तेच. विकेंद्रित रचनेत अशा गटाला शेजारी वाळीत टाकू शकतात, नाहीसा करू शकत नाहीत. ही या रचनेतली खरी उणीव आहे आणि तिच्या पुरस्कर्त्यांनी ती मोकळेपणाने मान्य करायला हवी.

प्रामाणिक गटही चुकीच्या आशेमागे धावू शकतो. मात्र तो सावरूही शकतो. २००८ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासाने लिथियममुळे एएलएस हा स्नायू निकामी करत नेणारा आजार मंदावतो असा दावा केला. ‘पेशंट्सलाइकमी’ या अमेरिकी संकेतस्थळावरच्या दीडशेच्या आसपास रुग्णांनी वाट न पाहता लिथियम सुरू केले. हे धोक्याचे होते, यात शंका नाही. पण त्यांनी आपली प्रकृती नियमित नोंदवली, संस्थेच्या संशोधकांनी ती तसेच आजारमान असलेल्या इतर रुग्णांशी ताडून पाहिली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला: उपयोग नाही. पुढे रीतसर चाचण्यांतही तेच दिसले. स्वतःला नको असलेले उत्तर स्वतःच काढून जाहीर करणारा गट विरळा. आता या गोष्टीचा उत्तरार्ध. हे संकेतस्थळ ज्या कुटुंबाने २००४ मध्ये काढले, त्यांच्या घरातच एएलएसचा रुग्ण होता. २०१९ मध्ये ते युनायटेडहेल्थ या विमाक्षेत्रातल्या बलाढ्य समूहाकडे गेले. रुग्णांनी एकमेकांच्या भरवशावर लिहिलेल्या नोंदींचे घर एका विमा समूहाच्या मालकीचे झाले. त्यात बेकायदा काही नव्हते. अंगण दुसऱ्याचे असले की असे होते, एवढेच.

म्हणजे विषयाला वाहिलेला गट हवा आणि तो एका कंपनीच्या हाती नको, इथपर्यंत वाट सरळ आहे. पुढे ती वळते. अनेकांची समजूत अशी, की ज्या विषयाचा गट त्याच विषयाच्या सर्व्हरवर खातेही उघडावे. आरोग्याच्या बाबतीत हा सल्ला चांगला नाही.

पहिले कारण माणसाच्या घडणीतच आहे. ज्याला अपस्मार आहे तो माणूस पक्षीनिरीक्षकही असतो, कोणाचा तरी बाप असतो, नाट्यसंगीताचा वेडा असतो. त्याच्या पत्त्यातच आजाराच्या सर्व्हरचे नाव आले, तर तो पक्ष्यांबद्दल लिहील तिथेही आजार त्याच्या नावापुढे लागलेला राहील. ज्या समाजात क्षयरोग, वंध्यत्व, मानसिक आजार यांवरून सोयरिकी मोडतात, तिथे ही किरकोळ बाब नव्हे.

दुसरे कारण टिकाऊपणाचे. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत नेता येतात, जुने लिखाण नेता येत नाही. आणि अनुयायी नेण्यासाठीही जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो. लेमीवर तर गट त्या त्या सर्व्हरशी बांधलेला असतो. सर्व्हर गेला की इतरत्र जुन्या प्रती उरतात, गट थांबतो. सर्व्हर जातात ते नाना कारणांनी. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलासारख्या संस्थेनेही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या एका सर्व्हरच्या नावाच्या शेवटी अफगाणिस्तानचे ‘एएफ’ हे देशचिन्ह होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने ते नावच काढून घेतले. (नाव घेताना गंमत म्हणून निवडलेले शेपूट कधी कोणाच्या हातात जाईल, सांगता येत नाही.) पत्रकारांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सर्व्हरवर एका मजकुरावरून वाद झाला आणि अनेक सर्व्हरनी तो सर्व्हरच अडवला, ज्या पत्रकारांचा त्या वादाशी संबंध नव्हता त्यांचेही आवाज तिथे बंद झाले. एकाच व्यवसायाची माणसे एकाच छपराखाली असण्याची ही किंमत असते.

याला दुसरी बाजू सांगणारे उदाहरणही आहे. ‘हॅकिडर्म’ हा तंत्रज्ञांचा सर्व्हर क्रिस नोव्हा यांच्या घराच्या तळघरात चालत असे. २०२२ च्या अखेरच्या लोंढ्यात त्याचे सभासद सुमारे ३०,००० वर गेले, तळघरातल्या डिस्क मान टाकू लागल्या, तेव्हा तो व्यावसायिक यंत्रणेवर हलवला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये नोव्हा यांचे गिर्यारोहण करताना अपघाती निधन झाले. एकखांबी तंबू असता तर सर्व्हर तिथेच संपला असता. पण तोवर कारभार एका ना-नफा संस्थेकडे आणि स्वयंसेवकांच्या चमूकडे सोपवण्याची व्यवस्था झाली होती, आणि सर्व्हर चालू राहिला. रुग्णगट काढणाऱ्यांनी सॉफ्टवेअरची निवड करण्याआधी या गोष्टीचा अभ्यास करावा.

तेव्हा खाते एखाद्या भरवशाच्या सर्वसाधारण सर्व्हरवर असावे आणि आजाराची चर्चा विषयाला वाहिलेल्या गटात व्हावी, ही विभागणी अधिक शहाणपणाची आहे. ती तांत्रिकदृष्ट्या शक्यही आहे. लेमीवरचा वापरकर्ता दुसऱ्या सर्व्हरवरच्या गटात भाग घेऊ शकतो, मॅस्टोडॉनवर २०२२ पासून हॅशटॅगचा मागोवा घेता येतो, आणि ब्लूस्कायने २०२३ मध्ये विषयवार धारा बनवण्याची सोय सर्वांना खुली केली. खाते एकीकडे आणि चर्चा दुसरीकडे, हे कोणत्याही जुन्या कंपनीच्या माध्यमाला परवडणारे नव्हते, कारण माणूस आपल्याच आवारात राहावा यावर तिचा धंदा चालतो.

या विभागणीचा फायदा गटाबाहेरच्यांनाही होतो. मॅस्टोडॉनवर छायाचित्र टाकताना त्याचे शब्दांत वर्णन लिहिण्याचा रिवाज पडला आहे. न लिहिणाऱ्याला अनोळखी माणूस नम्रपणे आठवण करून देतो. ट्विटरनेही ही सोय दिली होती, पण रिवाज तितका रुजला नाही. इथे तो रुजण्यामागे एक कारण असे, की जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरची ॲप बंद केल्यावर स्क्रीन रीडर वापरणारे बरेच जण मॅस्टोडॉनवर आले आणि डोळसांच्या शेजारी राहू लागले. ‘या चित्रात काय आहे?’ असा प्रश्न विचारणारा शेजारी असला की वर्णन लिहिण्याची सवय लागते. दृष्टिहीन केवळ दृष्टिहीनांच्याच सर्व्हरवर राहिले असते तर त्यांना आपापसांत उत्तम सोय मिळाली असती, आणि बाकीच्या जगातली चित्रे मुकीच राहिली असती.

ही सारी मांडणी नवी वाटली तरी तिचा एक जुना नमुना महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत दर आठवड्याला भरतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिचा प्रत्येक गट स्वायत्त असतो. इतर गटांवर परिणाम होईल अशाच बाबतीत त्याने सर्वांचा विचार करायचा असतो. प्रत्येक गटाचे काम एकच: दारूच्या व्यसनातून बाहेर पडू इच्छिणाऱ्याला मदत. सभासद आडनाव सांगत नाहीत. शाळेच्या वर्गात, चर्चच्या खोलीत, मिळेल तिथे मराठीतून बैठका होतात आणि एखादा गट मोडला तरी चळवळ मोडत नाही. विषय एक, केंद्र नाही, आणि माणसाच्या बाकीच्या आयुष्यावर गटाचा शिक्का नाही. सर्व्हर चालवणाऱ्यांना जे नियम अडखळत सापडत आहेत, ते या मंडळींनी १९५० मध्येच बारा परंपरांच्या रूपात स्वीकारले होते.

मराठी माणसांनाही विकेंद्रित जागा नवीन नाहीत. १९८० मध्ये सुरू झालेले यूजनेट विकेंद्रितच होते आणि विषयवार विभागलेले होते. नव्वदच्या दशकात त्यावर ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ हा गट होता आणि परदेशातली मराठी मंडळी त्यावर रोमन लिपीत भांडत असत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्याच्या निषेधार्थ बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. पुढे त्यांतले पुष्कळ परतले. आज मराठीतली आरोग्यचर्चा मुख्यतः व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या गटांत होते. ते अगदी सर्वसाधारण गट आहेत. तिथे सुप्रभात, निवडणूक आणि किडनी स्टोनचा काढा एकाच ओळीत येतात, आणि काढा चुकीचा आहे हे ठाऊक असलेला भाचा मामांना कसे बोलावे म्हणून गप्प बसतो. जाणता नियंत्रक नसल्याचा हा घरगुती नमुना आहे. डायलिसिसवरच्या रुग्णांचा, थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांचा, स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या कुटुंबीयांचा मराठीतला, खुला आणि तरी जाणत्यांनी सांभाळलेला गट असेल तर तो भाचा निदान दुवा पाठवून मोकळा होऊ शकेल.

असा गट कोणी चालवावा? उत्साही तरुणाने स्वखर्चाने सर्व्हर भाड्याने घेऊन नव्हे; त्याची नोकरी बदलली, लग्न झाले की गट बंद. जर्मनीत सरकारी खात्यांसाठीचा मॅस्टोडॉन सर्व्हर २०२० पासून तिथल्या माहिती-संरक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने चालवला. इथे वैद्यकीय महाविद्यालये, विद्यापीठे, जुन्या रुग्णसंस्था हे करू शकतात. त्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. लागतो तो रोज दोन तास देणारा, आजार कळणारा माणूस, आणि त्याच्या जागी उद्या येणारा दुसरा.

मात्र गटात लिहिणाऱ्याने एक गोष्ट आधीच जाणून घेतलेली बरी. मॅस्टोडॉन किंवा लेमीवरचे ‘खासगी’ संदेश व्हॉट्सॲपसारखे कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणारा ठरवले तर ते वाचू शकतो. पुसलेला मजकूर इतर सर्व्हरवरूनही पुसला जावा असा निरोप जातो, पण प्रत्येक सर्व्हर तो पाळेलच असे नाही. तेव्हा अहवालाचे छायाचित्र, रुग्णालयाचा क्रमांक, गावाचे नाव यांतले काहीही तिथे लिहू नये. टोपणनाव घ्यावे, आणि तेही इतरत्र वापरलेले नसावे.

आर-ब्लाइंडच्या चालकांनी नवे घर बांधले म्हणून जुने पाडले नाही. रेडिटवरचा त्यांचा गट पुढेही चालू राहिला, कारण नुकतीच दृष्टी गेलेला माणूस मदत शोधू लागतो तेव्हा त्याला लेमीचे नावही ठाऊक नसते. तो येतो तो रेडिटवरच.